मिड$ मध्येच का अडतं? बेसिकमध्ये मजकुरातला हवा तो भाग काढण्याविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका पतसंस्थेचा जुना हिशोब जीडब्ल्यू-बेसिक या मायक्रोसॉफ्टच्या जुन्या प्रोग्रॅमिंग भाषेतल्या प्रोग्रॅमवर चालत होता. त्यातली खातेदारांची माहिती आता एक्सेलमध्ये आणायची आहे. प्रत्येक ओळीत खाते क्रमांक, नाव, गाव, गट क्रमांक आणि शिल्लक सलग लिहिलेली आहे. विचारणाऱ्यांनी लेफ्ट$, मिड$ आणि राइट$ वापरून हे भाग वेगळे करायला घेतले. पहिल्या काही ओळी नीट आल्या आणि मग 'इल्लीगल फंक्शन कॉल' असा संदेश देऊन प्रोग्रॅम थांबला. काही ठिकाणी तर संदेशही आला नाही, पण नावं आणि रकमा अर्धवट आल्या. चूक कुठे होते आहे, आणि हेच काम व्हीबीएमध्ये, म्हणजे एक्सेलच्या आतल्या बेसिकमध्ये, करताना काय बदलेल?

तुम्ही निवडलेली फंक्शनं योग्यच आहेत. अडचण आकड्यांची आहे. मजकुराचा भाग काढणं हे एका शब्दाचं काम असतं. तो भाग नेमका कुठे सुरू होतो, कुठे संपतो आणि अपेक्षित खूण सापडलीच नाही तर काय करायचं, हे ठरवण्यात खरी मेहनत असते. तुमच्या प्रोग्रॅममध्ये हा तिसरा प्रश्न विचारलेलाच नाही. या उत्तराचा बराचसा भाग त्याच्यावरच खर्च करतो.

खालचा कोड वाचायला सोपा जावा म्हणून देवनागरीत लिहिला आहे. चालवताना मूळ रोमन शब्द टाइप करा.

आधी तिन्ही फंक्शनांचं वागणं नीट पाहून घेऊ. लेफ्ट$(अ$, न) डावीकडून न अक्षरं देतं, राइट$(अ$, न) उजवीकडून न अक्षरं देतं, आणि मिड$(अ$, स, न) स या जागेपासून पुढची न अक्षरं देतं. मोजणी १ पासून सुरू होते. मिड$ मधला तिसरा आकडा लिहिला नाही तर शेवटपर्यंतचं सगळं मिळतं. मजकुरात आहेत त्यापेक्षा जास्त अक्षरं मागितली तर हे तिघंही कुरकुर करत नाहीत. असेल तेवढं देतात. सुरुवातीची जागा मजकुराच्या पलीकडे असेल तर मिड$ रिकामी स्ट्रिंग, म्हणजे एकही अक्षर नसलेला मजकूर, देतं. मात्र जागा ० असेल किंवा अक्षरांची संख्या ऋण असेल, तर लगेच 'इल्लीगल फंक्शन कॉल'. म्हणजे जास्त मागितलं तर चालतं, उणं मागितलं तर चालत नाही. तुमच्या दोन्ही तक्रारींचं मूळ इथेच आहे. प्रोग्रॅम थांबतो तिथे कुठेतरी आकडा शून्याच्या खाली गेलेला असतो. आणि मजकूर निमूटपणे अर्धवट येतो तिथे ओळच अपेक्षेपेक्षा तोकडी असते.

सगळ्यात स्वच्छ सराव हवा असेल तर तारीख घ्या. जीडब्ल्यू-बेसिकचं डेट$ तारीख अमेरिकी पद्धतीने देतं: आधी महिना, मग दिवस, मग वर्ष. १५ ऑगस्ट १९९३ ही तारीख "०८-१५-१९९३" अशी दहा अक्षरांत येते. आपल्या पद्धतीने छापायची तर

ता$ = मिड$(डेट$, ४, २) + "-" + लेफ्ट$(डेट$, २) + "-" + राइट$(डेट$, ४)

आणि तारखेप्रमाणे क्रम लावायचा असेल तर वर्ष, महिना, दिवस अशी जुळणी करा. मग साधी स्ट्रिंगची तुलनाही बरोबर उतरते. इथे प्रत्येक भागाची जागा ठरलेली आहे, म्हणून शोधाशोध करावी लागत नाही. तुमच्या फाइलमध्येही वरवर पाहता असंच आहे.

तुमच्या वर्णनावरून ओळीची रुंदी अशी दिसते: खाते क्रमांक ६, नाव ३०, गाव २०, गट क्रमांक १०, शिल्लक १२. एकूण ७८. सुरुवातीच्या जागा हाताने मोजू नका. मागच्या भागाची सुरुवात अधिक त्याची रुंदी म्हणजे पुढच्या भागाची सुरुवात: १, ७, ३७, ५७, ६७. रुंद्या डेटा ओळीत ठेवून जागा प्रोग्रॅमलाच काढू द्या. उद्या नावाची रुंदी बदलली तर एकच आकडा बदलावा लागेल.

त्याआधी ओळ वाचायची पद्धत तपासा. इनपुट# वापरत असाल तर ते स्वल्पविरामाला ओळीचे तुकडे करतं, आणि गावाच्या रकान्यात कुणी स्वल्पविराम टाकून पेठ किंवा तालुका लिहिला असेल तर पुढचं सगळं सरकतं. लाइन इनपुट# वापरा. ते एंटरपर्यंतची पूर्ण ओळ जशीच्या तशी घेतं. ओळ हातात आली की पहिलं काम म्हणजे लेन(रे$), म्हणजे ओळीची लांबी, तपासणं. ७८ पेक्षा कमी भरली तर ती ओळ वेगळ्या फाइलमध्ये लिहा आणि पुढे जा. एखाद्या एडिटरमध्ये फाइल उघडून सेव्ह केली की ओळीच्या शेवटच्या रिकाम्या जागा उडतात, हे बऱ्याचदा घडतं. मिड$ त्यावर काही बोलत नाही, मिळेल तेवढं देतं. म्हणून तुमच्या काही रकमा अर्धवट आल्या.

आता नाव. रकाना ३० अक्षरांचा, नाव १८ अक्षरांचं, म्हणजे मागे १२ रिकाम्या जागा. क्विकबेसिक या मायक्रोसॉफ्टच्या नंतरच्या बेसिकमध्ये यासाठी आरट्रिम$ आहे, जीडब्ल्यू-बेसिकमध्ये नाही. तिथे हे लिहावं लागतं:

१०० फॉर क = लेन(ना$) टू १ स्टेप -१
११० इफ मिड$(ना$, क, १) <> " " देन १३०
१२० नेक्स्ट क
१३० ना$ = लेफ्ट$(ना$, क)

सगळीच जागा रिकामी असेल तर लूप संपताना क ची किंमत ० होते, लेफ्ट$(ना$, ०) रिकामी स्ट्रिंग देतं, आणि चूक येत नाही. अनेक जण याऐवजी शेवटचं अक्षर रिकामं असेपर्यंत ना$ मधून एकेक अक्षर कमी करत जातात. उत्तर तेच येतं, पण प्रत्येक फेरीला नवीन स्ट्रिंग तयार होते आणि जुनी मेमरीत पडून राहते. जीडब्ल्यू-बेसिक सुरू होताना पडद्यावर साधारण ६०३०० बाइट मोकळे असल्याचं दाखवतं. प्रोग्रॅम, ॲरे आणि सगळ्या स्ट्रिंग याच जागेत राहतात. जागा भरली की बेसिक मधेच थांबून कचरा झाडत बसतं आणि हजारो ओळींच्या फाइलवर तो खोळंबा जाणवतो. वरच्या लूपमध्ये नवं वाटप होऊन ना$ एकदाच बदलतं. जुन्या मशिनवर हा फरक डोळ्यांना दिसतो, म्हणून मी ही पद्धत आग्रहाने सांगतो.

तुमची फाइल रँडम प्रकारची (हवं ते रेकॉर्ड थेट वाचता येणारी) असेल, म्हणजे प्रोग्रॅममध्ये फील्ड# आणि एलसेट दिसत असेल, तर आणखी एक काळजी घ्या. फील्ड# मध्ये नाव दिलेली स्ट्रिंग थेट फाइलच्या बफरकडे (वाचलेलं रेकॉर्ड ठेवायच्या जागेकडे) बोट दाखवत असते. तिलाच ट्रिम करून परत तिच्यातच ठेवलीत तर तिचा बफरशी संबंध तुटतो आणि पुढच्या प्रत्येक रेकॉर्डला तेच जुनं नाव येत राहतं. आधी दुसऱ्या चलात प्रत घ्या, मग कापाकापी करा. अशा फाइलमध्ये रक्कम एमकेडी$ ने (संख्येचे आठ बाइट करणाऱ्या फंक्शनने) लिहिलेली असेल तर ते आठ बाइट थेट व्हीबीएमध्ये वाचूही नका. जीडब्ल्यू-बेसिक अपूर्णांक मायक्रोसॉफ्टच्या जुन्या बायनरी पद्धतीत ठेवतं, आजची पद्धत वेगळी आहे. जुन्या प्रोग्रॅममध्येच त्याच्या उलट काम करणारं सीव्हीडी वापरून रक्कम वाचा, साध्या मजकुरात छापा आणि ती फाइल पुढे न्या. डॉसबॉक्स किंवा पीसी-बेसिक या जुने प्रोग्रॅम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर तो प्रोग्रॅम आजही चालवता येतो.

आता मुख्य मुद्दा, म्हणजे जिथे जागा ठरलेली नसते ते रकाने. तुमच्याकडे असे दोन आहेत: गट क्रमांक आणि नाव.

गट क्रमांक सातबाऱ्यावर असतो तसा आहे: "४५/२/१". यातला मधला हिस्सा काढायला तुम्ही असं लिहिलं आहे (इन्स्टर हे खूण कितव्या जागी आहे ते सांगतं):

प = इन्स्टर(ग$, "/")
फ = इन्स्टर(प + १, ग$, "/")
ह$ = मिड$(ग$, प + १, फ - प - १)

या मजकुरावर हे बिनचूक चालतं. पहिली तिरकी रेघ तिसऱ्या जागी, दुसरी पाचव्या जागी. मिड$(ग$, ४, १), उत्तर "२". दोन खुणांच्या मधल्या अक्षरांची संख्या म्हणजे मोठी जागा वजा लहान जागा वजा एक, हे सूत्रही बरोबर आहे. आता पुढची ओळ "४५/२" अशी आली. पहिली रेघ तिसऱ्या जागी आहे, दुसरी नाहीच. इन्स्टरला काही सापडलं नाही की ते ० देतं. मग फ - प - १ म्हणजे ० - ३ - १, म्हणजे उणे ४. तिसरा आकडा ऋण, आणि प्रोग्रॅम थांबला. नुसतं "४५" असेल तर प आणि फ दोन्ही शून्य, फरक उणे १, तिथेही तेच. पोटहिस्सा न पडलेला गट ही तर अगदी नेहमीची गोष्ट आहे, म्हणून पहिल्या काही ओळींनंतरच तुमचा प्रोग्रॅम थांबला.

प्रत्येक इन्स्टरनंतर 'शून्य आलं का' हे विचारणं हा एक उपाय. तो बरोबर आहे, पण तीन-चार खुणा असल्या की इफचं जंगल होतं. मला दुसरा मार्ग जास्त पसंत आहे: मजकुराच्या शेवटी आपणच एक खूण जोडायची. मग शेवटचा भागही इतर भागांसारखाच खुणेने संपतो आणि वेगळी वागणूक कुणालाच द्यावी लागत नाही.

१० त$ = ग$ + "/" : स = १
२० प = इन्स्टर(स, त$, "/")
३० इफ प = ० देन एन्ड
४० प्रिंट मिड$(त$, स, प - स)
५० स = प + १
६० गोटू २०

"४५/२/१" दिलं तर तीन भाग येतील, "४५/२" दिलं तर दोन, "४५" दिलं तर एक. "४५//१" असं काही आलं तर मधला भाग रिकामा येईल, कारण मिड$ मध्ये शून्य अक्षरं मागायला परवानगी आहे. प - स ही संख्या इथे ऋण होऊच शकत नाही. इन्स्टरने शोध स पासूनच सुरू केलेला असतो. मर्यादा एकच: जीडब्ल्यू-बेसिकची स्ट्रिंग २५५ अक्षरांच्या पुढे जात नाही आणि शोधाची सुरुवातही २५५ च्या आत असावी लागते, त्यामुळे मूळ मजकूर २५३ अक्षरांपर्यंत ठेवा. तुमच्या दहा अक्षरी रकान्याला त्याची फिकीर नाही. रकान्याच्या मागच्या रिकाम्या जागा मात्र खूण जोडण्याआधी काढा, नाहीतर शेवटच्या हिश्श्याला त्या चिकटून राहतील.

नावाला हीच पद्धत तिरक्या रेघेऐवजी रिकामी जागा वापरून लावता येते, पण तिथे प्रश्न प्रोग्रॅमचा कमी आणि माहितीचा जास्त असतो. आपल्याकडे आडनाव, नाव, वडिलांचं किंवा पतीचं नाव असा क्रम धरून नोंदी केल्या जातात, आणि त्या तीन शब्दांवर विसंबून कोड लिहिला जातो. मग "शिंदे भाऊ साहेब गणपत" अशी चार शब्दांची नोंद येते, कारण टाइप करणाऱ्याने भाऊसाहेब तोडून लिहिलं. कुठे नुसतं "जाधव शांताबाई" असतं. कुठे दोन शब्दांमध्ये दोन रिकाम्या जागा असतात. यावर चलाख कोड लिहून अंदाज बांधू नका. पैशाच्या व्यवहारात अंदाजाने तोडलेलं नाव हे न तोडलेल्या नावापेक्षा वाईट. जोड रिकाम्या जागा एक करा, शब्द मोजा, तीन असतील तर तोडा. बाकीच्या नोंदी जशाच्या तशा एका रकान्यात ठेवून माणसाकडे द्या. कार्यालयातल्या जुन्या कर्मचाऱ्याला त्यातली बहुतेक नावं तोंडपाठ असतात.

खाते क्रमांकाविषयी दोन गोष्टी. स्ट्र$(२५) हे "२५" देत नाही. धन संख्येपुढे चिन्हाची जागा म्हणून एक रिकामं अक्षर येतं. म्हणून लेफ्ट$(स्ट्र$(न), १) मध्ये पहिला अंक शोधणाऱ्याला रिकामी जागा सापडते. सहा अंकी क्रमांक शून्यांसह हवा असेल तर

खा$ = राइट$("००००००" + मिड$(स्ट्र$(न), २), ६)

ही ओळ जुन्या प्रोग्रॅममध्ये जागोजागी दिसते. डावीकडे भरपूर शून्यं लावायची आणि उजवीकडून हवी तेवढी घ्यायची. आणि हा क्रमांक एक्सेलच्या सेलमध्ये टाकण्याआधी त्या रकान्याचं फॉरमॅट टेक्स्ट करा, नाहीतर एक्सेल पुढची शून्यं उडवून टाकतं आणि खाते क्रमांक जुळत नाहीत.

तुम्ही इंटरनेटवरून किंवा जुन्या मासिकातून काही कोड उचलला आहे असं दिसतं, म्हणून बोलींमधला फरक सांगायला हवा. १९६४ साली डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कर्ट्झ यांनी बेसिक तयार केली तेव्हा तिच्या पहिल्या आवृत्तीत मजकूर साठवणारी चलं नव्हतीच. ती नंतर आली, आणि प्रत्येक कंपनीने मजकूर कापायची आपापली रीत बसवली. "१२३४५६" हा मजकूर घ्या. मायक्रोसॉफ्टच्या बेसिकमध्ये राइट$(अ$, ४) म्हणजे शेवटची चार, "३४५६". डेक कंपनीच्या बेसिक-प्लसमध्ये राइट(अ$, ४) म्हणजे चौथ्यापासून शेवटपर्यंत, "४५६". अटारी संगणकाच्या बेसिकमध्ये अ$(२,४) म्हणजे दुसऱ्यापासून चौथ्यापर्यंत, "२३४". तोच विचार सिंक्लेअर संगणकावर अ$(२ टू ४) असा लिहितात. पण मायक्रोसॉफ्टचं मिड$(अ$, २, ४) म्हणजे दुसऱ्यापासून चार अक्षरं, "२३४५". अटारीचा कोड घेऊन नुसतं मिड$ लावलंत तर उत्तर चुकतं आणि चूक दाखवली जात नाही. सिंक्लेअर तर मजकुराबाहेरची जागा मागितली की तिथल्या तिथे थांबतं. कमोडोर ६४ च्या बेसिकमध्ये इन्स्टर नाहीच, तिथे लूप लिहावा लागतो. आपल्याकडे १९८४ मध्ये सुरू झालेल्या क्लास या संगणक-साक्षरता प्रकल्पात शाळांमध्ये बीबीसी मायक्रो संगणक आले होते, त्यामुळे त्या बेसिकवर शिकलेले लोक अजून भेटतात. तिथे इन्स्टर मध्ये सुरुवातीची जागा शेवटी लिहितात, जीडब्ल्यू-बेसिकमध्ये पहिल्यांदा.

आता व्हीबीए. नावं तीच आहेत: लेफ्ट, मिड, राइट, इन्स्टर. ऋण आकडा दिलात तर तीच पाचव्या क्रमांकाची चूक येते, फक्त संदेशाचे शब्द बदलले आहेत: 'इनव्हॅलिड प्रोसीजर कॉल ऑर आर्ग्युमेंट'. २५५ अक्षरांची मर्यादा गेली. खुणेपाशी मजकुराचे तुकडे करणारं स्प्लिट मिळालं, त्यामुळे वरचा लूप एका ओळीत येतो: स्प्लिट(ग, "/"). त्याच्या ॲरेची मोजणी ० पासून असते, आणि किती भाग आले हे यूबाउंडने (ते ॲरेचा शेवटचा क्रमांक देतं) तपासल्याशिवाय दुसरा किंवा तिसरा भाग मागू नका. रिकाम्या मजकुरावर यूबाउंड उणे १ येतं. शेवटची खूण शोधायला इन्स्टररेव्ह आहे. ट्रिम आहे, पण व्हीबीएचं ट्रिम फक्त दोन्ही टोकांच्या रिकाम्या जागा काढतं. मधल्या जोड जागा एक करायच्या असतील तर वर्कशीटचं ट्रिम वापरा. वेबवरून चिकटवलेल्या मजकुरात १६० क्रमांकाची न तुटणारी रिकामी जागा असते, तिला दोन्ही ट्रिम हात लावत नाहीत; रिप्लेसने ती आधी बदला. डॉलरचं चिन्ह आजही चालतं आणि त्याला अर्थ आहे: डेटाबेसमधून नल (म्हणजे किंमतच भरलेली नाही असं) आलं तर लेफ्ट नल परत देतं, लेफ्ट$ चूक दाखवून थांबतं. पुढे कधी व्हीबी डॉट नेटवर गेलात तर सबस्ट्रिंग ० पासून मोजतं आणि जास्त अक्षरं मागितली तर माफ करत नाही, एवढं लक्षात असू द्या.

नावं मराठीत टाइप करून घेणार आहात असं तुम्ही लिहिलं आहे. इथे जरा थांबून सांगतो, कारण परभाषेतल्या पुस्तकांत हा भाग नसतो आणि आपल्याला तोच रोज लागतो.

व्हीबीएच्या दृष्टीने अक्षर म्हणजे युनिकोडचं एक चिन्ह. "नमस्ते" ची लेन ६ येते: न, म, स, हलन्त, त, एकाराची मात्रा. लेफ्ट("नमस्ते", ४) मागितलं तर "नमस्" मिळतं. नावांच्या आद्याक्षरांत हे लगेच टोचतं. "विनायक" चं आद्याक्षर आपण "वि." लिहितो, लेफ्ट ने "व" येतं. "क्षीरसागर" चं "क" येतं, आणि असं कुणी लिहीत नाही. म्हणून न अक्षरं कापण्याआधी कापाच्या दोन्ही बाजू पाहा. कापानंतरचं पहिलं चिन्ह मात्रा, अनुस्वार, विसर्ग, नुक्ता किंवा हलन्त असेल तर काप पुढे सरकवा. कापाआधीचं शेवटचं चिन्ह हलन्त किंवा जोडणारं अदृश्य चिन्ह असेल तरी पुढे सरकवा. ॲस्कडब्ल्यू या फंक्शनने मिळणारे चिन्हांचे क्रमांक असे: अनुस्वाराचा गट २३०५ ते २३०७, नुक्ता २३६४, मात्रा आणि हलन्त २३६६ ते २३८१, त्यात हलन्त स्वतः २३८१, अदृश्य जोडचिन्हं ८२०४ आणि ८२०५. न = १ पासून सुरू करून हा नियम लावत गेलात की "विनायक" चं "वि" आणि "क्षीरसागर" चं "क्षी" बरोबर मिळतं. मात्र मजकूर संपला का हे आधी तपासा, कारण रिकाम्या स्ट्रिंगवर ॲस्कडब्ल्यू चूक देतं.

शोधतानाही असाच पेच आहे. गावाच्या रकान्यात "कऱ्हाड" शोधायचं आहे. काही कीबोर्ड वेगळा ऱ वापरतात: क, ऱ, हलन्त, ह, काना, ड, म्हणजे सहा चिन्हं. काही जण साधा र, हलन्त आणि ८२०५ हे अदृश्य चिन्ह टाकतात, तेव्हा सात होतात. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात आणि इन्स्टर शून्य देतं. शोधण्याआधी सगळा मजकूर एकाच रूपात आणा (सीएचआरडब्ल्यू हे क्रमांकावरून चिन्ह देतं):

म = रिप्लेस(म, सीएचआरडब्ल्यू(२३५२) & सीएचआरडब्ल्यू(२३८१) & सीएचआरडब्ल्यू(८२०५), सीएचआरडब्ल्यू(२३५३) & सीएचआरडब्ल्यू(२३८१))

वकिलांच्या नावामागच्या "ॲड." चंही तेच. ॲ हे एक स्वतंत्र चिन्ह आहे, क्रमांक २४१८. पण अ आणि चंद्राची मात्रा अशी दोन चिन्हंही लिहिली जातात, कधी मध्ये ८२०५ घालून. तिन्ही रूपं २४१८ वर आणा. क्रमांक वापरायचं कारण असं की व्हीबीएच्या एडिटरमध्ये देवनागरी टाइप केली की प्रश्नचिन्हं उमटतात. शब्द जास्त असतील तर ते एका शीटवर लिहून सेलमधून वाचा. लिबरऑफिसच्या बेसिकमध्ये ही अडचण नाही, तिथे कोडमध्येच देवनागरी लिहिता येते. काही नावं कृतीदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये असतील तर कापण्याच्या भानगडीत पडण्याआधी ती युनिकोडमध्ये बदला. त्या फाँटमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी साठवलेली असते आणि वरचा कुठलाच नियम लागू होत नाही.

राहिली शिल्लक, आणि तिच्याकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. व्हॅल हे फंक्शन डावीकडून अंक वाचत जातं आणि न कळणारं अक्षर आलं की थांबतं. "४५/२" मधून ४५ काढायला हे सोयीचं आहे. पण जुन्या प्रोग्रॅमने रक्कम प्रिंट युजिंगने (ठरावीक साच्यात छापणाऱ्या आज्ञेने) स्वल्पविरामासह लिहिली असेल, तर "१२५,०००.००" चं व्हॅल फक्त १२५ येतं. सव्वा लाखाचे सव्वाशे होतात आणि संदेश काहीच नाही. त्याच प्रिंट युजिंगमध्ये उण्याचं चिन्ह शेवटी छापायची सोय आहे, "५००.००-" चं व्हॅल अधिक ५०० येतं, म्हणजे येणं आणि देणं उलटं. देवनागरी अंकांत टाइप केलेल्या रकमेचं व्हॅल तर सरळ ० येतं, कारण ते फक्त इंग्रजी अंक ओळखतं. वर मी देवनागरी अंक वाचनाच्या सोयीसाठी लिहिले आहेत. तेव्हा क्रम असा ठेवा: रकाना कापा, दोन्ही टोकांच्या रिकाम्या जागा काढा, राइट$(श$, १) उणे चिन्ह आहे का पाहून ते बाजूला नोंदवा, स्वल्पविराम काढा, मग व्हॅल घ्या आणि शेवटी चिन्ह लावा. मधे कुठेही अंक आणि टिंब सोडून दुसरं काही उरलं तर ती ओळ बाजूला काढलेल्या फाइलमध्ये घाला.

सगळी फाइल लावण्याआधी हाताने काही ओळी बनवून चालवा: पूर्ण रिकामी ओळ, ७७ अक्षरांची ओळ, गट क्रमांक नसलेली, पोटहिस्सा नसलेली, नावात एकच शब्द असलेली, तीसच्या तीस अक्षरं भरलेलं नाव, उणे शिल्लक, लाखाच्या वरची शिल्लक. त्यानंतर खरी फाइल. एक्सेलमध्ये आलेल्या ओळी आणि बाजूला काढलेल्या ओळी यांची संख्या मिळून मूळ फाइलच्या ओळींइतकी भरली पाहिजे. बाजूच्या ओळी हाताने दुरुस्त करून आत घेतल्यावर शिल्लकीची बेरीज जुन्या प्रोग्रॅमने छापलेल्या एकूण शिल्लकीशी पैशापर्यंत जुळली पाहिजे. ती जुळेपर्यंत जुना प्रोग्रॅम आणि मूळ फाइल, दोन्हींची एक प्रत वेगळी ठेवा आणि तिच्यावर काहीही चालवू नका.